बांधावरची भेंडी

गुळाचा इतिहास सांगायला बसलं की माणसं उसापासून सुरुवात करतात. मग शाहू महाराज येतात, राधानगरीचं धरण येतं, गुजरातचे व्यापारी येतात, सौदे येतात. ते सगळं बरोबरच आहे. पण आमच्या कोल्हापूर भागात ज्या झाडावाचून गुळाचं एक आधण उतरत नव्हतं, त्या झाडाचं नाव त्या इतिहासात कुठं येत नाही. ते झाड म्हणजे भेंडी. भाजीला आणतो ती नव्हे, तिची रानटी बहीण. माणसाच्या उंचीची होणारी, अंगावर खाजरी लव असणारी, पिवळ्या फुलाची. आम्ही तिला जंगली भेंडी म्हणतो. तिची शेंग कुणी खात नाही. तिचं खोड ठेचून पाण्यात घातलं की जे बुळबुळीत पाणी सुटतं, त्यासाठी ती बांधाला लावायची.

मी काही शास्त्र शिकलेला माणूस नाही. नव्या पद्धतीची दहावी 1975 साली सुरू झाली, तिच्या पहिल्या दोन-तीन बॅचमधला मी. तेवढ्यावर शाळा संपली आणि शेती सुरू झाली. पण गुऱ्हाळ हीच एक मोठी शाळा होती. तिथं रस का फाटतो, गूळ का बसत नाही, पावसाळ्यात का पाझरतो, याची उत्तरं माणसं हातानं देत होती. त्या उत्तरांची शास्त्रातली नावं मला पुढं संशोधन केंद्राच्या शेतकरी मेळाव्यांत कळली. ती दोन्ही जुळवून हा लेख लिहितो आहे.

आधी थोडी जुनी हकीकत. 1895 साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात शाहूपुरीची व्यापारी पेठ वसवली. गुळाला हक्काचा बाजार मिळाला. 1909 च्या सुमारास राधानगरीच्या धरणाचं काम सुरू झालं. पंचगंगा, भोगावतीच्या काठची काळी जमीन उसाला लागली. त्या काळचा घाणा लाकडाचा, बैलानं ओढायचा. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली आणि तिथल्या कारखान्यातून नांगरांबरोबर उसाचे लोखंडी चरकही निघू लागले. लोखंडी चरकानं ऊस जास्त पिळला जाऊ लागला. पुढं बैल गेले, ऑईल इंजिन आलं, मग विजेची मोटर आली. ऊसही बदलला. जुना मऊ, जाड पुंड्या ऊस मागं पडला आणि कोइमतूरच्या केंद्रात तयार झालेला 419 आला, मग 740 आला.

एवढं सगळं बदललं, पण काहिलीत भेंडीचं पाणी पडायचं ते पडतच राहिलं. माझ्या आज्याच्या वेळी पडत होतं, वडलांच्या वेळी पडत होतं आणि मी कळता झालो तेव्हाही पडत होतं.

ती का लागायची, हे कळायला आधी रस म्हणजे काय ते बघावं लागतं.

उसाचा रस म्हणजे साखर आणि पाणी, असं शहरातल्या माणसाला वाटतं. रसवंतीत पेला हातात घेतला की तो तसा दिसतोही. पण त्या रसात उसाच्या सालीवरचं मेण असतं, कांडीला चिकटलेली माती असते, चिपाडाचा बारीक भुसा असतो. हे डोळ्याला दिसणारं झालं. न दिसणारं त्याहून जास्त असतं. उसातली प्रथिनं, डिंकासारखे चिकट पदार्थ, थोडी पिठूळ माया, आम्ल आणि क्षार. रस जराही आंबट असला आणि तसाच तापवला, तर त्यातली साखर फुटते. एका मोठ्या साखरेच्या दोन लहान साखरा होतात. ह्या लहान साखरा गोड असतात, पण त्या दाणा धरत नाहीत आणि हवेतलं पाणी ओढून घेतात. गुळाचं निम्मं दुखणं इथं असतं. म्हणून ऊस तोडला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी गाळायचा. पिळलेला रस तासन्‌तास ठेवायचा नाही. ठेवला की आंबला, आणि आंबला की गूळ बसला नाही. आमचा गुळव्या म्हणायचा, "रसाला वाट बघायला लावू नगा. त्यो रुसतोय."

आता भेंडीचं काम.

जूनमध्ये उसाच्या बांधाला नाहीतर पाटाच्या कडेला भेंडीचं बी टाकायचं. तिला खत लागत नाही, पाणी उसाचंच मिळतं. दिवाळीनंतर गुऱ्हाळ पेटेपर्यंत झाडं डोक्याएवढी झालेली असायची. रोज सकाळी एक पेंडी उपटून आणायची. हे काम पोरांचं. हाताला, मानेला अशी खाज सुटायची की विचारू नका. खोडं आणि मुळं दगडावर नाहीतर लाकडी मोगरीनं ठेचायची आणि पाण्याच्या बादलीत चुरत राहायची. थोड्या वेळानं ते पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं ओढाळ व्हायचं. हात वर उचलला तर बोटांतून तार लोंबायची. मग कापडातून गाळून ते पाणी काहिलीशेजारी तयार ठेवायचं.

काहिलीत रस पडला, खाली चिपाडाचा जाळ लागला, की रस कोमट होईपर्यंत थांबायचं. मग भेंडीचं पाणी आणि चुन्याची निवळी घालायची. चुना रसाचा आंबटपणा मारतो. पण त्याचं माप चुकवायचं नाही. कमी पडला तर गूळ मऊ राहतो, जास्त झाला तर गूळ काळा पडतो आणि जिभेला चरचरतो. आमच्या गुळव्याकडं कागदाची पट्टी नव्हती. तो रसाचा एक थेंब जिभेवर घ्यायचा आणि वास घ्यायचा.

रस तापत चालला की त्यातली स्वतःची प्रथिनं गोठू लागतात. अंडं तापवलं की त्यातला बलक घट्ट होतो, दूध तापवलं की वर साय धरते, त्याच जातीची ही गोष्ट. पण रसात ही प्रथिनं फार बारीक, विखुरलेली असतात. नुसती तापवली तर ती इकडं तिकडं तरंगत राहतात आणि उकळी फुटली की पुन्हा रसात मिसळून जातात. भेंडीच्या पाण्यातल्या लांबलचक चिकट साखळ्या इथं कामाला येतात. जाळ्यात मासे यावेत तसं त्या साखळ्यांत गोठलेलं प्रथिन, मेण, माती, भुसा सगळं अडकतं, त्याचा एक गोळा होतो आणि फेसाबरोबर वर येतो. हीच मळी. काळपट हिरवी, जाड, म्हशीच्या दुधावरच्या सायीसारखी. रसाला खळखळून उकळी फुटायच्या आत ती झाऱ्यानं काढायची असते. जाळ घालणाऱ्यानं त्या घडीला जाळ मंद ठेवला पाहिजे. एक उकळी जोरात आली की मळी मोडते, रसात जाते, आणि मग ती देवालाही काढता येत नाही. म्हणून गुळव्याचं आणि जाळ घालणाऱ्याचं भांडण ह्याच वेळी व्हायचं.

"आरं, जाळ वड मागं! डोळं फुटलं काय?"

"मामा, तुमीच म्हनला जोरात लाव म्हनून."

"ते मळी काढल्यावर, ल्येका. आत्ता न्हवं."

आमच्या घरातल्या बायकांना ही विद्या वेगळ्या रूपात माहीत होती. साखरेचा पाक करताना आई त्यात चमचाभर दूध टाकायची. पाक उकळला की दूध फाटून त्याची काळी मळी वर यायची, ती चमच्यानं काढली की खाली पाक काचेसारखा. दुधातलं प्रथिन गोठताना घाण धरून वर येतं, एवढाच त्याचा अर्थ. गुऱ्हाळावर भेंडी मिळाली नाही तर काही जण भुईमुगाचे दाणे वाटून त्यांचं दूध घालायचे, कुणी एरंडाच्या बिया वाटून. पुढं सोयाबीन आला तेव्हा त्याचंही दूध चालतं हे कळलं. ही सगळी प्रथिनाची घराणी. भेंडीचं घराणं डिंकाचं, पण काम तेच. उत्तरेकडं, उत्तर प्रदेशात, देवला म्हणून भेंडीच्याच कुळातलं झाड वापरतात, सुखलाईची साल वापरतात. आणि युरोपातले साखरवाले एके काळी पाक शुद्ध करायला बैलाचं रक्त नाहीतर अंड्याचा पांढरा बलक घालायचे. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कसंतरी झालं. पण विचार केला तर त्यांनीही तीच गोष्ट शोधली होती. त्यांच्या हाताशी खाटकाचं दुकान होतं, आमच्या हाताशी बांध होता.

मळी निघाली की जाळ वाढवायचा. रस आटत जातो, फेस चढतो, काहिलीच्या बाहेर उतू जायला बघतो. तेव्हा चमचाभर शेंगतेल नाहीतर एरंडेल टाकायचं. फेस पाणी टाकल्यासारखा खाली बसतो. 105-106 अंशांच्या आसपास काकवी होते. पोरं पळसाची पानं घेऊन रांगेत उभी राहायची ती याच वेळी. पुढं 118 ते 120 अंशांपर्यंत गूळ होतो. आता थर्मामीटर असतो. तेव्हा गोळी बघायची. गार पाण्यात चार थेंब टाकायचे, बोटानं त्याची गोळी वळायची. गोळी मऊ झाली तर अजून वेळ आहे. कडक झाली आणि काहिलीच्या कडेवर टाकल्यावर टण्ण वाजली, की काहील उतरवायची. चार-सहा माणसं दांडे खांद्यावर घेऊन ती उचलायची आणि वाफ्यात ओतायची.

वाफ्यात फावड्यानं हलवत राहिलं की गूळ दाणा धरतो. ह्या दाण्यालाच आम्ही कणी म्हणतो. चांगल्या गुळाची ढेप फोडली की आत साखरेची बारीक, सारखी कणी चमकते. हातानं दाबली तर चुरा होतो, बोटाला चिकटत नाही. बिघडलेला गूळ फोडायला गेलं तर चिक्कीसारखा ताणतो, नाहीतर ओल्या मातीसारखा दबतो. मळी नीट निघाली नसेल तर तीच घाण कणीच्या आड येते. साखरेच्या दाण्याला दाणा लागायचा, तिथं मध्ये डिंक आणि प्रथिनाचा थर बसतो. म्हणजे भेंडीमुळं गूळ नुसता साफ होत नव्हता. गूळ बसायचा, फुटायचा आणि टिकायचा, त्यातलं बरंचसं काम तिचं होतं.

गुळाची खरी परीक्षा आषाढात व्हायची. आमच्याकडं वर्षाचा गूळ घरात ठेवायची पद्धत होती. ढेपा कोरड्या पाल्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायच्या, खाली चुलीचा धूर लागायचा. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरचा पाऊस म्हणजे भिंतीसुद्धा पाझरतात. त्या हवेत वाईट गूळ पहिल्या पंधरवड्यात सुटायचा. ढेपेखाली काळं पाणी साचायचं, वर बुरशी धरायची, आंबूस वास यायचा. चांगला गूळ वरून जरा ओलसर व्हायचा, पण आत कणी तशीच. नागपंचमीला पुरणाचे दिंड करायला आजी माळ्यावरची ढेप काढायची, फोडायची, आणि आतली कणी बघून माणसाचं नाव घ्यायची. "ह्ये त्या थोरल्या गुळव्याच्या हातचं आदान हाय बग." सहा महिन्यांनंतर ओळख पटायची.

दुसरी परीक्षा चुलीवर व्हायची. उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटायची भीती असते. गुळातला आंबटपणा आणि क्षार दुधातल्या प्रथिनाला गोठवतात. म्हणून गुळाचा चहा करताना आमच्या बायका चहा खाली उतरवूनच त्यात दूध घालतात. पण ज्या गुळात चुना बेतात पडला आहे, रस ताजा होता, त्यानं दूध सहसा फाटत नाही. सासुरवाशिणीला हे लगेच कळायचं. चहा फाटला की ती गुऱ्हाळवाल्यालाच शिव्या द्यायची.

मग ही भेंडी गेली कुठं?

ह्याचं उत्तर साखरेच्या इतिहासात आहे, असं माझं मत झालं आहे. 1932 साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि देशात भराभर साखर कारखाने उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर प्रवरानगरपासून आपल्याकडं सहकारी कारखान्यांची रांग लागली. ह्या कारखान्यांत रस साफ करायला चुना आणि गंधकाचा धूर वापरतात. गंधकानं रंग उडतो, साखर पांढरी होते. ती पांढरी साखर घराघरात गेली. पाहुण्याला गूळ-पाणी द्यायची पद्धत मागं पडली, साखरेचा चहा हा मान झाला. गोड पदार्थ म्हणजे स्वच्छ, आणि स्वच्छ म्हणजे पांढरा, हे डोळ्याला शिकवलं गेलं. गूळ पांढरा होऊ शकत नव्हता. पण तो पिवळा होऊ शकत होता.

आमच्या पेठेतला गूळ मोठ्या प्रमाणात गुजरातला जातो, आणि तिकडच्या गिऱ्हाईकाला पिवळा धमक गूळ आवडतो, असं सौद्यात सांगितलं जायचं. सौदा म्हणजे तरी काय? तीस-तीस किलोचे रवे ओळीनं मांडलेले. व्यापारी, अडत्या, हमाल, शेतकरी सगळे भोवती. एक रवा फोडायचा, बघायचा, बोली लागायची. एका रव्याला मिनिट-दोन मिनिटं. त्या वेळात गूळ आषाढात टिकेल का हे दिसत नाही. चुना किती पडलाय हे दिसत नाही. रंग तेवढा दिसतो. म्हणून दर रंगाला लागला.

ऐंशीच्या दशकात आमच्या गावच्या गुऱ्हाळांवर पांढऱ्या पावडरीचे डबे आले. हायड्रॉस. ती पावडर रस उकळताना नाहीतर गूळ उतरवताना मूठ-दोन मूठ टाकली की तांबडा गूळ बघता बघता पिवळा होतो. जादूच ती. गंधकाच्याच कुळातली. पण एक फरक समजून घेतला पाहिजे. भेंडी घाण बाहेर काढते आणि घाण गेल्यामुळं रंग उजळतो. हायड्रॉस घाण आत तशीच ठेवते आणि फक्त तिचा रंग झाकते. हवा लागली की तो रंग हळूहळू परत येतो. सौद्याच्या दिवशी सोन्यासारखा असलेला रवा काही आठवड्यांनी मातकट झालेला असतो. तोवर तो शेतकऱ्याच्या आणि अडत्याच्या हातून पुढं गेलेला असतो. सोसायचं ते खाणाऱ्यानं.

एका वर्षीची गोष्ट माझ्या चांगली ध्यानात आहे. वडलांनी भेंडीवर केलेला गूळ पेठेत नेला होता. तांबूस, पण कणी अशी की बोटानं चुरा होत होता. शेजारच्या गुऱ्हाळाचा गूळ पिवळा जर्द. बोली लावणाऱ्यानं आमचा रवा फोडला, एक खडा तोंडात टाकला, मान डोलावली आणि शेजारच्यापेक्षा बराच खाली दर बोलला. वडील म्हणाले, "सावकार, चव बगितली न्हवं तुमी?" तो हसून म्हणाला, "पाटील, चव मला कळली. पण गिऱ्हाईक डोळ्यानं घेतं." त्या माणसाला मी वाईट म्हणणार नाही. त्यानं खरं सांगितलं. पण त्या एका वाक्यात बांधावरच्या भेंडीचा निकाल लागला होता.

दुसरं कारण मजुरीचं. पूर्वी गुऱ्हाळ घरचं असायचं, नाहीतर भाऊबंदांचं. भेंडी लावणं, उपटणं, ठेचणं ही घरातल्या बायका-पोरांची कामं, त्याचा हिशेब कुणी मांडत नव्हतं. पुढं गुऱ्हाळं भाड्यानं चालू लागली, आधणामागं मजुरी ठरली. दिवसात जेवढी आधणं जास्त, तेवढी कमाई जास्त. मळी सावकाश काढायला थांबलं तर पैसे बुडतात. पोरं शाळेत जाऊ लागली, ते चांगलंच झालं. पण भेंडी ठेचायला मग कोण? बांधावर तणनाशक मारायला सुरुवात झाली आणि उरलेली भेंडीही जळाली. डबा मात्र दुकानात कधीही मिळत होता.

ऊसही बदलला होता. टनावारी वाढवायची म्हणून युरियाची पोती रिकामी होऊ लागली. नत्र जास्त झालेल्या उसाच्या रसात साखरेशिवायचा भाग वाढतो, गूळ काळपट होतो आणि टिकत नाही. नदीकाठच्या ज्या जमिनी जास्त पाण्यानं खारवल्या, तिथला गूळ खारट लागतो. म्हणजे रस जास्त घाण झाला, आणि तो साफ करणारं झाड त्याच काळात गेलं. ती फट पावडरीनं भरली. कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्राचे लोक मेळाव्यात हेच सांगत आलेत. गुळासाठी 8014 घ्या, 92005 घ्या, नत्र बेतानं द्या, भेंडी वापरा, हायड्रॉस टाकू नका. आम्ही मान डोलवायचो. पण सांगणाऱ्याच्या हातात दर नव्हता.

आता अन्नसुरक्षेचे नियम आहेत. गुळात सल्फर डायऑक्साईड 70 पीपीएमच्या वर नसावा, म्हणजे एका किलोत 70 मिलिग्रॅमच्या वर नसावा, असं त्यात आहे. नियम बरा आहे. पण मूठ हे माप आहे तिथं मिलिग्रॅम कोण मोजणार? त्यातच काही ठिकाणी स्वस्तातली साखर विरघळवून गुळात मिसळायचे धंदे सुरू झाले. साखर घातली की रंगही येतो आणि दाणाही दिसतो. ज्यानं खरा रस आटवला तो तिथंही मागं पडतो. एकीकडं कारखान्याला ऊस घातला की कष्ट नाहीत, ठरलेला दर मिळतो. मग गुऱ्हाळ कशाला चालवायचं? आमच्या शिवारात मी लहान असताना दिवाळीनंतर जिकडं बघावं तिकडं धुराची शेंडी दिसायची. आता बऱ्याच चुलवाणांवर गवत उगवलं आहे.

2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट आहे. नावाला राखण मिळाली. पण ते नाव ज्या गुणांवर मोठं झालं ते कणी आणि टिकाऊपणाचे गुण. त्यांची मजुरी बाजार देत नसेल, तर नुसत्या नावानं ते परत येणार नाहीत.

गेल्या काही वर्षांत वारं थोडं फिरलं आहे. पुण्या-मुंबईची माणसं सेंद्रिय गूळ मागतात, गडद मागतात. पिवळा दिसला की तोंड फिरवतात. चांगलं आहे, पण मला त्यातही जुनाच धोका दिसतो. काल पिवळा म्हणजे चांगला होता, आज काळा म्हणजे चांगला झाला. न्याय पुन्हा रंगच करतो आहे. गूळ करपला तरी काळा होतो. चुना जास्त पडला तरी काळा होतो. मळी काढलीच नाही तरी काळा होतो. शिळ्या उसाचा, घाणेरड्या काहिलीतला गूळही सेंद्रिय म्हणून विकता येतो, कारण तो काळा आहे. नीट साफ केलेल्या गुळाचा स्वतःचा रंग तांबूस पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत कुठंही असतो. ते उसाच्या जातीवर, जमिनीवर आणि जाळावर ठरतं.

म्हणून शहरातल्या पाहुण्यांना मी सांगतो, ढेप घेताना फोडून घ्या. आतली कणी बघा. खडा बोटांत चुरा. ताणला, चिकटला तर सोडून द्या. एक खडा पेलाभर पाण्यात विरघळू द्या आणि तळाला काय बसतं ते बघा. चव घ्या, खारट, चरचरीत, गंधकाच्या वासाचा नको. आणि जमलं तर अर्धा किलो आषाढापर्यंत ठेवून बघा. तुम्ही असं घेऊ लागलात, तर आम्हीही तसं करू.

मी अजून दरवर्षी थोडा ऊस गुळासाठी राखतो. गावात एक गुऱ्हाळ चालू आहे, तिथं आधण भाड्यानं करून घेतो. मळी काढेपर्यंत थांबायचे म्हणून गुळव्याला आधणामागं जास्तीचे पैसे देतो. हा जास्तीचा खर्च मी गुळाच्या दरात धरतो आणि गिऱ्हाईकाला तसं सांगतो. काही जण घासाघीस करून निघून जातात. काही जण दुसऱ्या वर्षी परत येतात. परत येणारे किती, त्यावर पुढच्या वर्षी किती ऊस राखायचा ते ठरवतो. गेल्या दोन वर्षांत पाच गुंठे वाढवला.

भेंडीचं बी आता दुकानात मिळत नाही. शेवटच्या ओळीतली चार-सहा झाडं न उपटता ठेवायची, बोंडं वाळली की फोडून बी काढायचं आणि राख लावून डब्यात ठेवायचं. ज्यांना पाहिजे ते घेऊन जातात. मे महिन्यात या, म्हणजे जूनला टाकता येईल.